सातवी चाल

पहिल्यांदा आले ते आरसा मागायला.
माझगावचा माझा दवाखाना, बंद करायची वेळ,
खालच्या बेकरीत पावाची शेवटची भट्टी.
"तो छोटा असतो ना तुमचा, लांब दांडीचा,
जुना, डाग पडलेला चालेल.
दात बघायचेत."
कुणाचे, मी विचारलं.
"पेटीचे," म्हणाले एलिजा झिराडकर
आणि स्वतःच हसले, कारण मी हसले नव्हते.

पोर्ट ट्रस्टमध्ये टॅली क्लार्क.
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गोण्या मोजल्या
आणि संध्याकाळी, रद्द झालेल्या निळ्या खतावण्यांत
आपली मोजणी:
कुलाब्याच्या एका बंद बंगल्यातला ऑर्गन, भाता उंदरांनी खाल्लेला.
पारशी कॉलनीत खोर्शेदबाईंच्या शिवणयंत्राखाली
आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या सतरा कागदी गुंडाळ्या,
पियानो नाही. भोकं शाबूत.
चोरबाजारात किलोवर निघालेलं पितळी नळकांडं,
अंगभर बारीक टाचण्या.
"हात फिरवा डॉक्टर, हलका.
दोन दिवस दाढी न केलेल्या गालासारखं लागतं गाणं."

स्वतःला एकही वाद्य येत नसे.
सिनेगॉगमध्येसुद्धा नुसते ओठ हलायचे.
शनिवारी किल्लीला हात नाही,
रविवारी पहाटेच सगळ्यांना एकेक चावी,
दूध घातल्यासारखी.
भाऊ अश्दोदला, बहीण दिमोनाला,
पत्रांत एकच प्रश्न: कधी येतोस?
"मी लिहितो, इथली हवा वाईट,
पितळ हिरवं पडतं.
तेवढ्यासाठी कुणीतरी इथं असायला हवं."

त्यांच्या खोलीत गळायला लागलं
तेव्हा एक पेटी माझ्याकडे आली,
एक्स-रेच्या कपाटावर.
फणीला बहात्तर दात, अकरा तुटलेले.
आठ चाली. झाकणाच्या आत नावांचा कागद,
आणि सातव्या नावाच्या जागी कसरीनं पाडलेलं भोक.

बँडवाल्यांना ऐकवली. दोन पाद्र्यांना.
गोदीत अडकलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाला,
तो रडला, पण नाव सांगेना.
खतावणीत ओळ: सातवी, माहीत नाही.
तीन वर्षांनी, खाली: माहीत नाही.
अकरा वर्षांनी, शाई बदललेली: अजून नाही.
मी म्हटलं, द्या एखादं नाव, कोण बघतंय.
त्या एकाच दिवशी आवाज चढला.
"गोण कमी भरली तर कमी लिहायची, डॉक्टर.
गोण करायची नाही."

मला दोनच नियम शिकवले.
पूर्ण चावी देऊन ठेवायची नाही, स्प्रिंग थकते.
आणि चाल मध्येच थांबवायची नाही,
टाचण्या दातांत अडकलेल्या राहतात
आणि पुढच्या वेळी
काय मोडेल सांगता येत नाही.

भायखळ्याच्या इस्पितळातून फोन आला
तेव्हा पेटी चालू होती.
सातवी नव्हती. दुसरी. खोटं कशाला लिहू.
नर्स म्हणाली, लगेच या.
मी रिसीव्हर ठेवला, चपला घातल्या,
आणि उभी राहिले.
तुटक्या दातांपाशी टाचणी नुसती हवेतून जात होती,
नळकांडं फिरत होतं,
जिथं सूर नाही तिथंही तेवढाच वेळ देत.
पंखा थांबला. मग निघाले.

पोचले तेव्हा चादर ओढलेली.
त्या सव्वा मिनिटाबद्दल
मला कुणी विचारलं नाही.
त्यांनी विचारलं असतं, तर वेगळंच:
संपू दिलीत ना?

चौदा खतावण्या आता माझ्याकडे.
ग्रंथालय म्हणालं, अर्ज करा, तीन प्रतींत.
वरळीला, त्यांच्या दगडावर, खडा ठेवून आले.
पेशंट विचारतात, डॉक्टर, हे काय वाजतं?
मी म्हणते, तोंड उघडा.

काल त्यांच्या शेवटच्या ओळीखाली
तारीख घालून लिहिलं: सातवी, माहीत नाही.
अक्षर वाईट आहे माझं.
त्यांना लागलं असतं.